वायुभक्षी सरड्याचा आहार

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण उठताबसता वापरतो. परंतु कुंपणापर्यंत जाऊन हा प्राणी तेथे करतो तरी काय, याचा विचार म्हण वापरणाऱ्यांपैकी थोड्यांनीच केला असेल. तो तेथे जेवावयास जातो. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, जेथे जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके एकमेकांस भिडतात, तेथे पुणे-नाशिक रस्त्यावर, घोडनदीच्या आश्रयाने कळंब हे गाव वसले आहे. पश्चिमेस भीमाशंकराच्या डोंगरातील धुवाधार पाऊस आणि पूर्वेस शिरूरकडचा कोरडा माळ, यांच्या मधला हा पट्टा. येथील बांधांवर बाभूळ, बोर, निवडुंग, घाणेरी अशी काटेरी झुडपे उभी असतात. श्रावण-भाद्रपदात अशा एखाद्या बांधाजवळ घटकाभर उभे राहिले तर नाकतोडे, टोळ, माश्या, फुलपाखरे, सुरवंट, भुंगेरे, कोळी यांची एवढी गर्दी दिसते की, कोणाही कीटकभक्षकाने आज काय खावे याच विवंचनेत पडावे. असल्या झुडपी मुलखातच आपल्या लेखाचा नायक राहतो.

नायक म्हणजे कुंपणावर बसून मान खालीवर करणारा, विणीच्या दिवसांत डोके लाल होणारा नित्याचा सरडा नव्हे. तो वेगळा. हा त्याचा दूरचा भाऊबंद, ज्यास इंग्रजी व इतर युरोपीय भाषांत शॅमेलिऑन म्हणतात. गंगेच्या दक्षिणेस पसरलेल्या भारताच्या कोरड्या प्रदेशांत व सिंहलद्वीपात याची एकच जात आढळते. १७६८ साली लॉरेन्टी नामक ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने तिला जे लॅटिन नाव दिले, त्यात सिंहलद्वीपाचाच उल्लेख आहे. दोन्ही बाजूंनी चपटे शरीर, फांदी पकडण्यास चिमट्याप्रमाणे विभागलेली बोटे, घड्याळाच्या कमानीसारखे वेटोळे होणारे शेपूट, आणि एक पुढे तर दुसरा मागे पाहू शकणारे दोन डोळे, अशी याची मूर्ती. हा रंग पालटतो हे तर सर्वश्रुतच आहे. मात्र ज्या पानावर बसावे त्याचा रंग घ्यावा असा त्याचा हेतू नसून ऊन, थंडी, भय, राग व प्रणय यांप्रमाणे त्याचे रंग बदलतात. त्वचेतील अतिसूक्ष्म स्फटिकांमधील अंतर कमीजास्त होऊन हे घडते, असे २०१५ साली जिनिव्हा येथील संशोधकांनी दाखवून दिले. रंगाविषयी इतके पुरे. त्याच्या रंगाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांस त्याच्या पोटाविषयी लिहावयाचे आहे. कारण हा प्राणी काय खातो या साध्या प्रश्नाचे उत्तर मनुष्यजातीने जवळजवळ सोळाशे वर्षे चुकीचे दिले, आणि त्या चुकीपायी पिंजऱ्यात किती मुके जीव उपाशी मेले याची गणती नाही.

आरंभ मात्र वाईट झाला नव्हता. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात या सरड्याचे मोठे बारकाईचे वर्णन केले. त्याचे डोळे कसे फिरतात, पाय कसे विभागलेले असतात, तो अंग कसे फुगवितो, हे सर्व त्याने नोंदले. प्राणी चिरून आतील अवयवही पाहिले. नवल एवढेच की, ज्या जिभेवर या प्राण्याचा सगळा प्रपंच चालतो त्या जिभेविषयी तो एक शब्दही लिहीत नाही. ती मिटलेल्या तोंडात बसते आणि बाहेर येते ती डोळ्याचे पाते लवण्याच्या आत परत जाते. पाहणाऱ्याचे भान क्षणभर सुटले की गेली! त्यानंतर चार शतकांनी, इसवी सन ७७ च्या सुमारास, रोमन ग्रंथकार प्लिनी याने आपला प्रचंड सृष्टिविषयक ग्रंथ पुरा केला. त्यात त्याने बेधडक लिहून टाकले की, अन्न व पाणी या दोहोंवाचून केवळ हवेवर जगणारा हा एकच प्राणी आहे. कवी ओव्हिड याने प्लिनीच्या आधीच आपल्या काव्यात त्यास वाऱ्यावर पोसलेला म्हटले होते. काव्यात ते शोभले. शास्त्रग्रंथात शिरल्यावर मात्र ते सत्य होऊन बसले.

प्लिनीचे नाव निघाले म्हणून येथे थोडे विषयांतर करतो. हिंदुस्थानच्या व्यापारापायी दरसाल पाच कोटी रोमन नाणी बाहेर जातात अशी तक्रार करणारा प्लिनी हाच. तो माल ज्या वाटांनी समुद्राकडे उतरे त्यांपैकी नाणेघाटाची वाट कळंबपासून फार दूर नाही; घाटाच्या माथ्यावरचे जुन्नर हे सातवाहनांच्या काळी गजबजलेले नगर होते. जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांत यवन म्हणविणाऱ्या दात्यांचे शिलालेख आजही वाचावयास मिळतात. कोणी पाण्याची टाकी खोदवून दिली आहेत, आणि चिट नावाच्या एका यवनाने तर भिक्षूंसाठी भोजनमंडप अर्पण केला आहे. शिवनेरीच्या कड्यात परदेशी मनुष्य भिक्षूंच्या जेवणाची सोय करीत होता, आणि त्याच सुमाराच्या रोममध्ये एक विद्वान गृहस्थ बिचाऱ्या सरड्याचे ताट काढून घेत होता! बांधावर एक दिवस काढणाऱ्या कोणत्याही गुराख्यास जे दिसले असते, ते प्लिनीच्या ग्रंथसंग्रहात नव्हते.

परंतु रोमन लोकांस हसण्याचा अधिकार आपणांस आहे काय? अमरकोशात सापाच्या पर्यायनामांमध्ये ‘पवनाशन’ हा शब्द आहे. पवन हे ज्याचे अशन तो. साप दीर्घकाळ काही न खाता राहतो हे आपल्या पूर्वजांनी पाहिले, आणि त्यावरून तो वारा खातो असे अनुमान बांधले. तिकडे सरडा, इकडे साप. तर्काची वाट एकच. त्यातून आपल्याकडे वायुभक्षण ही तपश्चर्येची एक उंच पायरी मानलेली. पुराणांतील तपस्वी आधी फळे, मग गळलेली पाने, मग पाणी आणि शेवटी केवळ वायू असा क्रमाक्रमाने आहार सोडीत जातात. ज्याने खाणे सोडले त्याच्याविषयी आपल्या मनात आदर उत्पन्न होतो, चिंता होत नाही. सरड्यास संस्कृतात सरट व कृकलास अशी नावे आहेत. भागवतात नृग राजा दानातील चुकीमुळे कृकलास होऊन कोरड्या विहिरीत पडतो आणि पुढे श्रीकृष्णाच्या स्पर्शाने मुक्त होतो, ही कथा वाचकांस ठाऊकच आहे. इतका काळ विहिरीत पडून तो महाकाय सरडा काय खात होता, ही शंका कथेत कोणी काढीत नाही. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्राच्या चौदाव्या अधिकरणात कृकलासाचा उपयोग सांगितला आहे, तो शत्रूस रोग जडविणाऱ्या धुरात. एकंदरीत आपल्या वाङ्मयात हा प्राणी शाप, विष आणि चंचलपणा यांचे प्रतीक झाला. त्यास भूक आहे ही गोष्ट कोणाच्या ध्यानी आली नाही.

युरोपात प्लिनीचे वाक्य मध्ययुगभर एका पोथीतून दुसऱ्या पोथीत उतरत गेले. शेक्सपीअरचा हॅम्लेट राजास उत्तर देताना आपण शॅमेलिऑनचे पक्वान्न, म्हणजे हवा, खात असल्याचे सांगतो. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने ज्या नाटकाचे रूपांतर केले तेच हे नाटक. प्रेक्षकांस हा विनोद समजत होता, यावरून ती समजूत किती रुळलेली होती हे कळून येते. पण त्याहून विचार करण्यासारखी साक्ष फ्रान्सिस बेकनची आहे. प्रयोगावाचून काहीही मानू नये असा उपदेश करणाऱ्या या पंडिताचा निसर्गविषयक संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १६२७ साली प्रसिद्ध झाला. त्यात तो म्हणतो की, हा प्राणी केवळ हवेवर राहत नाही, अधूनमधून माश्याही धरतो. तथापि हवा हाच त्याचा मुख्य आहार होय, कारण ज्यांनी वर्षभर शॅमेलिऑन पाळले त्यांनाही तो दुसरे काही खाताना दिसला नाही.

वर्षभर पाळले आणि खाताना पाहिले नाही! या एका वाक्यात सगळ्या भ्रमाचे मूळ आहे. हा प्राणी थंड रक्ताचा. त्यास आपल्याप्रमाणे दिवसातून दोन वेळा जेवावे लागत नाही, आणि पूर्ण वाढलेला निरोगी प्राणी बरेच दिवस अन्नावाचून काढू शकतो. तो भित्रा असतो. समोर मनुष्य टक लावून बसला म्हणजे भक्ष्याकडे वळत नाही. त्यास अचल वस्तू अन्न वाटत नाही. मेलेली माशी पुढे टाकली तर तो तिच्यावरून पाय टाकून जातो. आणि खोलीत आपण होऊन आलेली माशी त्याने मालकाची पाठ वळताच टिपली, तर ती कोणाच्या हिशेबात येणार? तेव्हा पाळणाऱ्यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते; त्याचा अर्थ मात्र उलटा लावला गेला. बंदिवानाच्या उपवासास त्यांनी त्याचा स्वभाव मानले. भीतीने, थंडीने किंवा कंटाळ्याने ज्याने अन्न सोडले, त्यास अन्नाची गरजच नाही असा निवाडा झाला. त्यानंतर त्यास खाऊ घालण्याची खटपट कोणी का करावी?

हा निवाडा फिरविण्यास कारण झाली ती पिठातील अळी. दक्षिण फ्रान्समधील एक्स या शहरी पेरेस्क नावाचा एक विद्याव्यासंगी गृहस्थ होता. जुनी नाणी, हस्तलिखिते, ग्रहताऱ्यांचे वेध, परदेशी मांजरे, अशा सगळ्या गोष्टींची त्यास हौस होती. १६३७ साली तो वारला. त्याने शॅमेलिऑनही पाळले होते, आणि त्यांस पिठात पडणाऱ्या अळ्या आवडतात व ते पाणी पितात, असा त्याच्याकडील अनुभव. ही साक्ष आपणांस सर टॉमस ब्राउन या इंग्रज वैद्याच्या पुस्तकात सापडते. लोकांत रूढ असलेल्या खोट्या समजुतींचा समाचार घेणारे त्याचे हे पुस्तक प्रथम १६४६ मध्ये निघाले, आणि त्यात एक संपूर्ण प्रकरण आपल्या सरड्यास दिलेले आहे. ब्राउनचा युक्तिवाद वैद्यास शोभणारा आहे. या प्राण्यास दात आहेत, जठर आहे, आतडी आहेत. केवळ हवा खावयाची तर हा खटाटोप सृष्टीने कशासाठी केला? ही लांबलचक जीभ कशासाठी? पिएर बेलों नामक फ्रेंच प्रवाशाने तर असे प्राणी चिरून त्यांच्या पोटात माश्या, सुरवंट व भुंगेरे प्रत्यक्ष पाहिले होते, ही साक्षही तो देतो. मग भ्रम झाला कसा? हा प्राणी पुष्कळ काळ उपाशी राहू शकतो, आणि आ वासून अंग फुगवितो, त्यावरून लोकांनी तो हवा गिळतो असे ठरविले, असे तो म्हणतो. ब्राउनने स्वतः हा प्राणी पाहिलेला नव्हता, हे विशेष. परंतु ज्यांनी पाहिला त्यांच्यापैकी कोणावर विश्वास ठेवावा हे त्यास कळत होते. ही कलाही काही लहान नव्हे.

पुढे १६६८ मध्ये पॅरिसच्या नव्या विज्ञानसभेकडे ईजिप्तहून एक जिवंत शॅमेलिऑन आला. क्लोद पेरो या वैद्याने आपल्या सहकाऱ्यांसह त्याचे निरीक्षण केले, तो मेल्यावर विच्छेदन केले, आणि १६६९ मध्ये इतर चार प्राण्यांबरोबर त्याचे सचित्र वर्णन छापले. हा पेरो म्हणजे लूव्र राजवाड्याच्या पूर्वदर्शनी भागाच्या उभारणीत ज्याचा हात होता तोच. सिंड्रेलाची गोष्ट लिहिणारा शार्ल पेरो हा त्याचा धाकटा भाऊ. तीनच वर्षांनी, १६७२ मध्ये, त्या काळची प्रख्यात कादंबरीकर्त्री मादलेन द स्क्युदेरी हिच्याकडे ईजिप्तहून याच जातीचे प्राणी भेट म्हणून आले. तिने ते घरातील माणसांप्रमाणे वागविले, त्यांच्या सवयी टिपून ठेवल्या, आणि १६८८ मध्ये त्यांची हकीकत प्रसिद्ध करून शास्त्रज्ञांच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतले. पेरोने मेलेला प्राणी उघडून पाहिला, स्क्युदेरीने जिवंत प्राण्याशी संगत केली. शरीररचनेत पेरो बरोबर होता यात शंका नाही. पण या प्राण्यास भय, सवय आणि आवडनिवड असते, तो काही किल्लीचे यंत्र नव्हे, हा जो बाईंचा आग्रह होता तो आजच्या कोणत्याही अनुभवी पालकास पटेल. ज्यास आवडनिवडच नाही त्यास नावडते अन्न कोठून असणार?

याच शतकाच्या आरंभी आपल्याकडे जहांगीर बादशहाचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने एका शॅमेलिऑनचे चित्र काढले. ते हल्ली इंग्लंडच्या राजसंग्रहात विंडसर येथे आहे. फांदीस घातलेली पकड, अंगावरचा बारीक दाणा, रोखलेला डोळा, सर्व काही त्यात आहे. एवढ्या सूक्ष्म दृष्टीचा मनुष्य त्या प्राण्यासमोर बसला होता, आणि तरी त्या दरबारातून त्याच्या आहारावर एखादा पेरोसारखा प्रबंध आपणांकडे आलेला नाही, याची चुटपुट लागते.

हवेचा भ्रम असा मावळला. तथापि सरडा काही जगेना. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र घर उघडले. श्रीमंतांच्या काचघरांतूनही आफ्रिकेचे शॅमेलिऑन दिसू लागले. त्यांस आता माश्या मिळत, पिठातील अळ्याही मिळत. पण बहुतेकांचे आयुष्य काही महिन्यांचेच ठरे. हातपाय वाकत, जबडा मऊ पडे, जीभ बाहेर पडली तर परत आत घेण्याचे बळ राहत नसे. समोर पाण्याची वाटी भरलेली असताना हे प्राणी तहानेने मरत, कारण साचलेले पाणी त्यांस पाणी म्हणून ओळखू येत नाही; ते पानावरचे थेंब चाटतात. वाकलेल्या हाडांचा हा रोग म्हणजे आपल्या मुलांस होणाऱ्या मुडदुसाचाच सख्खा भाऊ. त्याचा उलगडा प्रथम मुलांच्या दवाखान्यात झाला. १९१९ मध्ये बर्लिन येथे हुल्डशिन्स्की या डॉक्टराने मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील किरणांचा दिवा धरून त्यांची हाडे सुधारल्याचे दाखविले. त्यानंतर काही वर्षांत ड जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि कॉड माशाच्या तेलाची बाटली घरोघर आली. अन्नातील चुना हाडांत बसण्यास ड जीवनसत्त्व हवे, आणि ते अंगात तयार होण्यास ऊन हवे. १९२३ पासून लंडनच्या सरीसृप विभागाची मुख्य असलेल्या जोन प्रॉक्टर या तरुण विदुषीने तेथे जे नवे घर योजिले, ते १९२७ मध्ये उघडले. प्राण्यागणिक ऊब आणि उजेड वेगळा हवा, हे तत्त्व त्यात प्रथमच इतक्या काळजीने पाळले गेले. ती स्वतः जन्मभर आजारी असे आणि वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारली.

आणखी एक रहस्य उलगडावयाचे राहिले होते, आणि ते विद्वानांपेक्षा हौशी पालकांनीच अधिक उलगडले. विसाव्या शतकाच्या अखेरीस येमेन, मादागास्कर व केनिया येथील शॅमेलिऑन युरोप-अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पाळले जाऊ लागले. त्यांच्यासाठी रातकिडे डब्यात भरून विकत मिळू लागले. मालक महिनोन्महिने तेच रातकिडे घालीत राहिला, आणि एके दिवशी सरड्याने तोंड फिरविले. रातकिडा समोरून चालत जातो, हा एक डोळा त्याच्याकडे वळवितो आणि पुन्हा दुसरीकडे पाहू लागतो. सोळाशे वर्षांपूर्वीचा मालक म्हणाला असता, पाहा, हा वारा खातो! आजचा शहाणा मालक आधी दुसऱ्या गोष्टी पाहतो. ऊब पुरेशी आहे काय, दिवा जुना झाला काय, पाण्याचे थेंब पानांवर पडतात काय, मादी असेल तर अंडी घालण्याच्या बेतात आहे काय, तोंडास अगर डोळ्यास सूज आहे काय. हे सर्व ठीक असेल तर प्राणी रुसला आहे असे समजावे, आणि त्याचा रुसवा न्याय्य आहे हेही समजावे. बांधावर राहणाऱ्यास निसर्ग एका दिवसात दहा पदार्थ वाढतो. पिंजऱ्यात त्यास जन्मभर एकच पदार्थ मिळतो. नुसत्या पिठल्यावर वर्ष काढावे लागले तर आपणही पानावरून उठू.

अशा रुसलेल्याची समजूत घालण्याच्या ज्या युक्त्या अनुभवाने ठरल्या आहेत, त्या पाहिल्या म्हणजे मूल वाढविलेल्या कोणाही आईस त्या ओळखीच्या वाटतील. नवा कीटक एकदम एकटाच पुढे ठेवू नये. जुन्या ओळखीच्या भक्ष्याबरोबर एखाददुसरा सोडावा. चालणारे नको झाले असेल तर उडणारे द्यावे; भोवती घोंघावणारी निळी माशी पाहून महिनाभर उदास बसलेला सरडा जागा होतो, असे पालक सांगतात. करड्या किड्यास विटलेला प्राणी हिरवा टोळ किंवा गुबगुबीत सुरवंट नाकारीत नाही. सकाळी अंगात ऊब भरल्यावर अन्न द्यावे, आणि देऊन समोरून निघून जावे. मोठा व धडधाकट प्राणी असेल तर एकदोन दिवस काहीच न देता त्यास भूक लागू द्यावी. पिलाच्या बाबतीत मात्र हा प्रयोग प्राणघातक होईल. बळजबरीने तोंड उघडून भरविणे हा तर शेवटचा आणि वैद्याच्या हातचा उपाय. या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कीटकांच्या अंगात स्फुरद पुष्कळ आणि चुना फार थोडा असतो. म्हणून आधी कीटकास हिरवा पाला खाऊ घालून त्याचे पोट भरावयाचे, अंगावर चुन्याची पूड भुरभुरावयाची, आणि मग तो सरड्यास द्यावयाचा. रानातला नाकतोडा दहा झाडांचा पाला खाऊन आलेला असतो. सरडा नाकतोड्याच्या द्वारे ती दहा झाडे खात असतो. येमेनी जातीचे मोठे प्राणी तर पानेफुलेही चावून खातात. ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत हा प्राणी किती हुशार आहे हे टेक्ससमधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखविले: ज्यांच्या अन्नात हे जीवनसत्त्व कमी होते ते मादागास्करचे शॅमेलिऑन अतिनील उजेडात अधिक वेळ जाऊन बसले, आणि ज्यांस ते पुरेसे मिळत होते ते कमी.

रेशमाचा किडाही आज परदेशांत या सरड्यांसाठी मेजवानी म्हणून वाढवितात. यात एक गंमत आहे. तो किडा स्वतः इतका चोखंदळ की तुतीच्या पाल्यावाचून त्याचे चालत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मुत्ती नावाच्या एका इटालियन गृहस्थाने पुण्याच्या बाजूस तुतीची लागवड करून दख्खनेत रेशीम आणण्याचा मोठा उद्योग केला, १८३८ मध्ये त्यावर मार्गदर्शक पुस्तकही लिहिले. पण तो उद्योग येथे मूळ धरू शकला नाही. खाणारा चोखंदळ असेल तर यजमानाची कशी तारांबळ उडते, हे त्या गृहस्थास पुरते कळले असेल.

या प्राण्यास मोकळे सोडले तर तो काय खातो, याचे सर्वांत ठळक उत्तर एका अपघाताने मिळाले. १९७२ मध्ये हवाई बेटांतील ओआहू येथे एका प्राणिविक्रेत्याने केनियाहून काही डझन तीन शिंगांचे शॅमेलिऑन मागविले. प्रवासाने ते इतके सुकले होते की, त्यांनी जरा बाळसे धरावे म्हणून त्याने त्यांस आपल्या घराच्या बागेत सोडले. ते पुन्हा त्याच्या हाती लागले नाहीत. त्यांची संतती आज अनेक बेटांवर पसरली आहे. पुढे संशोधकांनी त्यांची पोटे तपासली, तेव्हा नाना जातींच्या कीटकांबरोबर त्या बेटांवाचून जगात अन्यत्र न आढळणाऱ्या, आधीच दुर्मिळ झालेल्या गोगलगायी शंखासकट सापडल्या. ज्यास पिंजऱ्यात रातकिडा गोड लागत नव्हता, त्याने बागेत शंखही सोडला नाही! बेटांच्या दृष्टीने ही मोठी हानी झाली आणि ती भरून येण्यासारखी नाही. पेटाऱ्यात मरणाच्या दारी पोचलेला हा प्राणी दिवसाकाठी काय काय वेचतो, हे मात्र तेथे उघड झाले.

आपल्या देशात हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला आहे. १९७२ च्याच वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या शॅमेलिऑनला संरक्षण दिले असून त्यास पकडणे, पाळणे अथवा विकणे गुन्हा आहे. तेव्हा कळंबच्या कोणा मुलाने त्यास खोक्यात घालून माश्या पकडीत बसण्याचा प्रसंग येऊ नये हे बरे. दुःख आहे ते दुसरे. हा निरुपद्रवी प्राणी विषारी आहे या समजुतीने दिसताच दगड उचलला जातो. शिवाय घोडनदीवर डिंभे येथे धरण झाल्यावर कालव्यांचे पाणी आले, ऊस आला, द्राक्षे व टोमॅटो आले. शेतकऱ्याच्या घरी चार पैसे आले ही आनंदाचीच गोष्ट. परंतु पाणी आले की बांध अरुंद होतो, झुडूप तुटते आणि उरलेल्यावर औषधाचा फवारा जातो. बिबट्याने या बदलाशी जुळवून घेतले. तो उसात राहू लागला. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा निघाला, आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोह येथे निवाराही उभा राहिला. सरड्यास अशी सोय नाही. एका जातीच्या पिकावर एका जातीची कीड येते, आणि एका जातीच्या किडीवर हा प्राणी फार दिवस काढीत नाही, हे आपण वर पाहिलेच.

जेथे बाभळी-बोरींचा बांध अजून राखलेला आहे, तेथे पावसाळ्यातील एखाद्या सकाळी तो दिसतो. दिसतो म्हणजे नजर बसली तर. रात्रीचा फिकट रंग जाऊन उन्हाकडची बाजू काळसर झालेली असते, म्हणजे ऊब लवकर भरते. पानाच्या टोकाचा थेंब तो आधी चाटतो. मग पुढे एक पाऊल, मागे अर्धे पाऊल, असे वाऱ्याने हलणाऱ्या पानासारखे झुलत तो फांदीच्या टोकाकडे सरकतो, एरवी दोन दिशांस फिरणारे त्याचे डोळे एका बिंदूवर येऊन थांबतात, आणि हातभर अंतरावरचा नाकतोडा जागेवर नसतो.